ड्रॉइंग्ज क्लाउडवर नेल्यानंतर सोबतच्या फाइल्स सुटतात : रचना कशी ठेवावी?

आलेखक (प्रश्न)

आमच्या सात जणांच्या गटाकडे रस्ते, पर्जन्यजल वाहिन्या आणि मलवाहिन्या यांच्या ड्रॉइंग्जचे काम असते आणि ते आम्ही ऑटोकॅड या आरेखनाच्या प्रोग्रॅममध्ये करतो. आजवर सर्व प्रकल्प कार्यालयातील सर्व्हरवर होते आणि प्रत्येकाच्या संगणकावर त्या सर्व्हरला एकच ड्राइव्ह-अक्षर दिलेले असल्यामुळे फाइल्सच्या पाथचा, म्हणजे फाइल कोणत्या ड्राइव्हवर आणि कोणत्या फोल्डरमध्ये आहे त्या पत्त्याचा, विचार करण्याची वेळच आली नाही. चार महिन्यांपूर्वी आम्ही चालू प्रकल्प सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये हलवले. मुख्य ड्रॉइंग्ज सुखरूप पोहोचली. अडचण आहे ती त्यांच्यासोबत असणाऱ्या फाइल्सची.

दोघा सहकाऱ्यांकडे बेस प्लॅनचे (ज्यावर बाकीची ड्रॉइंग्ज बेततात त्या मूळ नकाशाचे) एक्सरेफ, म्हणजे ड्रॉइंगला बाहेरून जोडलेल्या फाइल्स, सापडत नाहीत, तर इतरांकडे तेच ड्रॉइंग नीट उघडते. हवाई छायाचित्राच्या जागी एकाकडे फक्त चौकट आणि फाइलचे नाव दिसते. अस्तित्वातील रस्त्याच्या कडा फिकट राखाडी छापल्या जायला हव्यात, त्या एका शीटवर जाड काळ्या आल्या, आणि विशेष म्हणजे त्या वेळी प्रोग्रॅमने कसलीही सूचना दिली नाही. शिवाय बेस प्लॅनच्या फाइलशेजारी संगणकाचे नाव जोडलेली तिचीच दुसरी प्रत तयार झाली असून दोन्हींमध्ये वेगवेगळे बदल झालेले आहेत.

फॉन्ट, प्लॉट स्टाईल (छपाईत रेषांची जाडी आणि छटा ठरवणाऱ्या फाइल्स), टेम्प्लेट, छायाचित्रे आणि सर्व्हेच्या फाइल्स प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात, की सर्वांसाठी एकच सामायिक फोल्डर करावे, असा माझा प्रश्न आहे. आम्ही ऑटोकॅडवर आधारलेल्या सिव्हिल थ्रीडी या प्रोग्रॅममधील डेटा शॉर्टकटही (एका ड्रॉइंगमधील घटक दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये वापरण्याचे दुवे) वापरतो, त्यामुळे त्यांचाही विचार उत्तरात व्हावा.

मोजपट्टी

आपण मांडलेल्या चार तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून एकाच फोल्डर-रचनेने त्या सर्व सुटतील अशी अपेक्षा ठेवू नये. मी फक्त पाथविषयी लिहितो.

सर्व्हरवर काम करताना एक्सरेफ बहुधा पूर्ण पाथने जोडले गेले असावेत. सिंक होणाऱ्या फोल्डरचा पाथ बहुतेक वेळा वापरकर्त्याच्या खात्याच्या फोल्डरखाली येतो आणि त्यात वापरकर्त्याचे नाव असते, त्यामुळे एका संगणकावरचा पूर्ण पाथ दुसऱ्यावर खरा ठरूच शकत नाही. ऑटोकॅडच्या २०१८ च्या आवृत्तीपासून नव्याने जोडलेला एक्सरेफ मुळातच सापेक्ष पाथने, म्हणजे ड्रॉइंगच्या स्वतःच्या जागेपासून सांगितलेल्या पत्त्याने, जोडला जातो. हे ‘रेफपाथटाइप’ या चलावर (ऑटोकॅडच्या एका सेटिंगवर) ठरते आणि त्याचे मूल्य १ असले म्हणजे पाथ सापेक्ष राहतो. मात्र त्याआधी जोडलेले एक्सरेफ आपोआप बदलत नाहीत. ते एक्सटर्नल रेफरन्सेसच्या पॅलेटमधून एकत्र निवडून बदलता येतात, आणि ड्रॉइंग्ज शेकड्यांनी असतील तर ऑटोकॅडसोबत येणारा रेफरन्स मॅनेजर हा स्वतंत्र प्रोग्रॅम ती न उघडताच पाथ बदलून देतो.

सापेक्ष पाथला एक अट आहे आणि नेमकी तीच विसरली जाते. ड्रॉइंग आणि एक्सरेफ एकाच ड्राइव्हवर असावे लागतात. ड्रॉइंग एका ड्राइव्हवर आणि छायाचित्रे दुसऱ्यावर असतील तर सापेक्ष पाथ बनतच नाही. तुमच्या त्या सहकाऱ्याकडचे छायाचित्र अजून जुन्या सर्व्हरच्या ड्राइव्हकडे पाहत असण्याची शक्यता मला मोठी वाटते. दुसरे संभाव्य कारण म्हणजे जागा वाचवण्यासाठी फाइल फक्त क्लाउडवर ठेवण्याची सोय. अशा वेळी फोल्डरमध्ये फाइलचे नाव दिसते, पण मजकूर संगणकावर नसतो, आणि इंटरनेट तुटलेले किंवा संथ असेल तर ऑटोकॅडला ती मिळत नाही. ज्या प्रकल्पावर काम चालू आहे त्याचे संपूर्ण फोल्डर ‘या संगणकावर कायम ठेवा’ असे चिन्हांकित करून ठेवावे, मग डिस्क थोडी भरली तरी चालेल.

पाथची लांबीही मोजून पाहावी. विंडोजमधील अनेक प्रोग्रॅम आजही २६० अक्षरांच्या मर्यादेत काम करतात. वापरकर्त्याचे नाव, संस्थेचे नाव, लायब्ररीचे नाव आणि त्यापुढे आपली सहा-सात थरांची फोल्डर्स, इतके झाले की ही मर्यादा सहज गाठली जाते. फोल्डरला ‘अंतिम सुधारित आराखडे मंजुरीसाठी’ असे वाक्यभर नाव देण्याची हौस सर्व्हरवर खपून जात असे, येथे ती महागात पडते.

समतलरेषा

जाड काळ्या रेषांच्या तक्रारीकडे मी सर्वांत आधी लक्ष दिले असते. एक्सरेफ हरवला की निदान तसे लिहून येते. चुकीची प्लॉट स्टाईल मात्र गुपचूप काम करते आणि चूक कागदावर उमटल्यावर, कधी कधी तो कागद साइटवर पोहोचल्यावर, कळते.

रंगावर आधारित प्लॉट स्टाईलच्या फाइलमध्ये २५५ रंगांपैकी प्रत्येकाला छपाईची जाडी, छटा आणि रेषाप्रकार दिलेला असतो. ड्रॉइंगमध्ये त्या फाइलचे केवळ नाव साठवलेले असते, आतला तक्ता साठवलेला नसतो. त्यामुळे एकाच नावाच्या दोन फाइल्स दोन संगणकांवर असतील आणि त्यांपैकी एकीत कोणी ८ क्रमांकाच्या रंगाची छटा बदललेली असेल, तर ऑटोकॅडच्या दृष्टीने सर्व ठीकच असते. तक्रार करण्यासारखे त्याला काही दिसत नाही. आपल्याकडे हेच घडले असावे असा माझा अंदाज आहे. दोन्ही संगणकांवरील फाइल्सची तारीख आणि आकार ताडून पाहिल्यास पाच मिनिटांत खात्री होईल.

फॉन्टची गोष्ट थोडी निराळी आहे. एसएचएक्स फॉन्ट, म्हणजे ऑटोकॅडच्या स्वतःच्या प्रकारचा फॉन्ट, सापडला नाही तर ‘फॉन्टऑल्ट’ या चलात दिलेला पर्यायी फॉन्ट वापरला जातो आणि तो सामान्यतः सिम्प्लेक्स असतो. अक्षरांची रुंदी बदलते, मलवाहिनीच्या उंचीचे आकडे शेजारच्या रेषेवर चढतात, आणि ‘बाणासारखे दिसणारे’ एखादे खास चिन्ह त्या फॉन्टमध्ये असेल तर त्याच्या जागी प्रश्नचिन्ह येते.

म्हणून साहाय्यक फाइल्सची विभागणी करताना ती कोणत्या प्रकारची फाइल आहे यापेक्षा ती बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे पाहावे, असे माझे मत आहे. फॉन्ट, प्लॉट स्टाईल, रेषाप्रकार, हॅच (क्षेत्र भरण्याचे नमुने), टेम्प्लेट आणि प्रिंटरची मांडणी या कार्यालयाच्या मानक फाइल्स झाल्या. त्या वर्षातून एक-दोनदा, एकाच व्यक्तीने बदलायच्या असतात. बेस प्लॅन, अलाइनमेंट (रस्त्याची किंवा वाहिनीची आखणीरेषा) आणि सरफेस (जमिनीच्या पृष्ठभागाचे प्रारूप) असलेली ड्रॉइंग्ज प्रकल्पाची असतात आणि रोज बदलतात. सर्व्हेचा मूळ डेटा, पॉइंट क्लाउड (स्कॅन करून मिळालेले असंख्य बिंदू) आणि छायाचित्रे एकदा आली की कोणीच बदलायची नसतात. या तीन गटांना परवानग्याही तशाच द्याव्यात. मानक फाइल्सचे फोल्डर सर्वांना वाचण्यापुरते खुले आणि एकालाच लिहिण्यासाठी खुले असावे, मूळ डेटाचे फोल्डर तर भरून झाल्यावर सर्वांसाठीच केवळ वाचनीय करावे.

मानक फाइल्स प्रत्येक प्रकल्पात स्वतंत्र ठेवू नयेत. वीस प्रकल्पांत एकाच नावाच्या वीस प्लॉट स्टाईल झाल्या की त्यांतली खरी कोणती, याचे उत्तर कोणाकडेही नसते.

जोडरेषा

समतलरेषा यांच्या विभागणीशी मी सहमत आहे, परंतु शेवटच्या मुद्द्याशी पूर्णपणे नाही.

मानक फाइल्सचे मूळ एकच असावे हे बरोबर. पण ऑटोकॅडच्या सपोर्ट पाथमध्ये (साहाय्यक फाइल्स शोधण्याच्या फोल्डर्सच्या यादीत) थेट सिंक होणारे फोल्डर देणे मला धोक्याचे वाटते. प्रोग्रॅम सुरू होताना मेनू, लिस्प (ऑटोकॅडमध्ये चालणाऱ्या छोट्या आज्ञावली) आणि फॉन्ट तेथून वाचतो. त्याच क्षणी सिंक अर्धवट असेल तर काय घडेल याचा भरवसा नसतो. त्यापेक्षा क्लाउडवरील मूळ फोल्डरमधून प्रत्येक संगणकाच्या ठरावीक स्थानिक फोल्डरमध्ये, लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टने, फाइल्स उतरवून घ्याव्यात आणि सपोर्ट पाथ त्या स्थानिक फोल्डरचा द्यावा. विंडोजमधील ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा यासाठी पुरेशी आहे. तिला आरसा-प्रत करण्याचा पर्याय दिला की मूळ फोल्डरमध्ये नसलेल्या फाइल्स ती स्थानिक फोल्डरमधून काढूनही टाकते, त्यामुळे कोणी स्वतःच्या सोयीसाठी तेथे ठेवलेली प्लॉट स्टाईल दुसऱ्या दिवशी उरत नाही. स्थानिक फोल्डरचा पाथ सर्व संगणकांवर अक्षरशः एकच ठेवता येतो, हा वेगळा फायदा. लिस्प फाइल्स असतील तर तोच पाथ विश्वासू स्थानांच्या यादीतही घालावा, नाहीतर ऑटोकॅड प्रत्येक वेळी इशारा देत राहील आणि लोक तो न वाचता पुढे जाण्याची सवय लावून घेतील.

जेव्हा प्रकल्प संपतो तेव्हा मात्र मानक फाइल्सची त्या दिवशीची प्रत प्रकल्पाच्या संग्रहात अवश्य ठेवावी. चार वर्षांनी ते ड्रॉइंग पुन्हा उघडले जाईल तेव्हा कार्यालयाची मानके बदललेली असतील, आणि तेव्हा जुन्या शीटसारखीच शीट छापता आली पाहिजे.

आता दोन प्रतींविषयी. ऑटोकॅड ड्रॉइंग उघडताच शेजारी डीडब्ल्यूएल ही छोटी फाइल तयार होते आणि तीत वापरकर्त्याचे नाव, संगणकाचे नाव आणि वेळ नोंदलेली असते. पुष्कळांना तीच कुलूप वाटते, पण ती फक्त कुलपावरची चिठ्ठी आहे. खरे कुलूप संगणकाच्या फाइल-व्यवस्थेचे असते आणि सर्व्हरवर फाइल एकच असल्यामुळे ते सर्वांना लागू होत असे. सिंकमध्ये प्रत्येकाकडे स्वतःची प्रत असते आणि कुलूपही त्या प्रतीपुरतेच. दोघांनी एकाच सकाळी बेस प्लॅन उघडून सेव्ह केला तर सेवेकडे दोन्ही प्रती ठेवण्यावाचून मार्ग नसतो. वनड्राइव्ह अशा वेळी नावापुढे संगणकाचे नाव जोडते, ड्रॉपबॉक्स विरोधी प्रत असल्याचा मजकूर जोडते. मजकुराच्या फाइल्सप्रमाणे दोन ड्रॉइंग्जचे आपोआप एकत्रीकरण होत नाही.

यावर दोनच उपाय आहेत. एक तर फाइल घेतल्याची नोंद करणारी व्यवस्था वापरावी. शेअरपॉइंटमध्ये ‘चेक आउट’ची सोय आहे, आणि ऑटोडेस्क डॉक्स हे डेस्कटॉप कनेक्टरसह वापरल्यास उघडलेल्या ड्रॉइंगवर इतरांना दिसेल असे कुलूप लागते. नाहीतर प्रत्येक बेस ड्रॉइंगला एकच मालक ठरवून बाकीच्यांनी ते केवळ एक्सरेफ म्हणून वापरावे. सात जणांच्या गटाला दुसरा उपायही पुरेल, फक्त ड्रॉइंग्ज पुरेशी लहान विभागलेली असली पाहिजेत. रस्ता, वाहिन्या आणि सर्व्हे हे सारे एकाच फाइलमध्ये असेल तर मालक कोणाला नेमणार?

आपल्याकडे तयार झालेल्या दोन प्रतींपैकी एक घाईने पुसून टाकू नका. ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंगची तुलना करण्याची सोय २०१९ च्या आवृत्तीपासून आहे. तिने फरक रंगांत दाखवले जातात. त्यावरून हरवलेले बदल मालकाने हाताने आणावेत.

आलेखक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्लॉट स्टाईलविषयीचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. दोन संगणकांवर एकाच नावाच्या फाइल्स होत्या आणि त्यांच्या तारखांत जवळजवळ दोन वर्षांचे अंतर होते.

पाथ तपासताना मात्र त्याहून गंभीर गोष्ट सापडली. एका प्लॅनमध्ये बेस प्लॅनचा एक्सरेफ ‘लोडेड’ दिसत होता, म्हणून आम्ही तो निर्धोक मानला होता. प्रत्यक्षात पॅलेटमध्ये साठवलेला पाथ एक होता आणि फाइल जेथे सापडली तो पाथ दुसराच होता. साठवलेल्या जागी फाइल न मिळाल्यामुळे ऑटोकॅडने ड्रॉइंगच्याच फोल्डरमध्ये शोध घेतला आणि तेथे कोणीतरी पूर्वी ई-मेलने पाठवण्यासाठी काढून ठेवलेली त्याच नावाची जुनी प्रत उचलली. आम्ही तीन आठवडे त्या जुन्या बेसवर मॅनहोलच्या जागा ठरवत होतो. सुदैवाने काहीही जारी झालेले नव्हते.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. डेटा शॉर्टकट या रचनेत कोठे बसतात? आणि ग्राहकाला पाठवलेल्या संचाच्या फाइल्स चालू फाइल्सपासून कशा वेगळ्या ठेवाव्यात?

मोजपट्टी

आपण वर्णन केलेला शोधक्रम सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. साठवलेला पाथ चुकला की ऑटोकॅड चालू ड्रॉइंगचे फोल्डर, मग प्रकल्पासाठी दिलेले शोध-पाथ आणि सपोर्ट पाथ धुंडाळते, आणि नाव जुळले की समाधान मानते. म्हणून ‘लोडेड’ या शब्दावर न थांबता ‘सेव्हड पाथ’ आणि ‘फाउंड ॲट’ ही दोन मूल्ये जुळतात का हे शीट जारी करण्यापूर्वी पाहण्याची पद्धत पाडावी. ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये तात्पुरती प्रत ठेवणे पूर्णपणे बंद करावे हे ओघाने आलेच.

डेटा शॉर्टकट म्हणजे प्रकल्पाच्या फोल्डरमधील छोट्या एक्सएमएल फाइल्स होत. अमुक नावाची अलाइनमेंट किंवा सरफेस अमुक ड्रॉइंगमध्ये आहे, एवढीच नोंद त्यांत असते. भूमिती मूळ ड्रॉइंगमध्येच राहते. त्यामुळे शॉर्टकटचे फोल्डर आणि मूळ ड्रॉइंग्ज ही एकाच प्रकल्प-मुळाखाली, नेहमी एकत्र हलली पाहिजेत. मूळ ड्रॉइंगचे नाव फाइल एक्सप्लोररमधून बदलणे हा दुवे तोडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. दुवा तुटलाच तर डेटा शॉर्टकट एडिटर या स्वतंत्र प्रोग्रॅमने तो पुन्हा जोडावा. घाईत ‘प्रमोट’ करण्याचा मोह होतो, आणि त्याने ड्रॉइंग तत्काळ नीट दिसूही लागते, पण त्या क्षणापासून ती अलाइनमेंट स्वतंत्र होते. मूळ अलाइनमेंट दोन मीटर सरकली तरी या शीटला त्याचा पत्ता लागत नाही.

मोठ्या सरफेससाठी सिव्हिल थ्रीडी ड्रॉइंगसोबत एमएमएस फाइल तयार करते, हेही ध्यानात ठेवा. ‘ही कसली फाइल’ म्हणून ती पुसणारे सद्गृहस्थ मी पाहिलेले आहेत. सर्व्हे डेटाबेस मात्र सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नये. तो अनेक फाइल्सचा मिळून बनतो आणि त्यांतील काही पुढे, काही मागे सिंक झाल्या तर तो एकसंध राहत नाही. तो एका संगणकावर ठेवून त्यातून निघालेली ड्रॉइंग्ज आणि पॉइंट फाइल्सच प्रकल्पात आणाव्यात.

समतलरेषा

जोडीने राहणाऱ्या फाइल्सचा विषय निघालाच आहे तर आणखी तीन जोड्या सांगतो. छायाचित्रासोबत त्याच नावाची सहा ओळींची वर्ल्ड फाइल असते आणि तीत पिक्सेलचा आकार, फिरकी आणि डाव्या वरच्या पिक्सेलचे निर्देशांक असतात. आधी जोडून झालेल्या छायाचित्राला ती हरवल्याने फरक पडत नाही, पण नव्याने जोडणाऱ्याकडे छायाचित्र योग्य निर्देशांकांवर बसत नाही. पॉइंट क्लाउडमध्ये आरसीपी ही केवळ सूची असते आणि प्रत्यक्ष बिंदू आरसीएस फाइल्समध्ये असतात. शेपफाइल (नकाशाचा डेटा साठवण्याचा एक प्रकार) तर नावाने एक असली तरी किमान तीन फाइल्सची बनते, आणि गंमत अशी की त्यांपैकी अनुक्रमणिकेच्या फाइलचे विस्तारनाम एसएचएक्स हेच, म्हणजे ऑटोकॅडच्या फॉन्टचेच आहे. एका सहकाऱ्याने ‘विखुरलेले फॉन्ट’ गोळा करण्याच्या उत्साहात सर्व शेपफाइल्सच्या अनुक्रमणिका फॉन्टच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवल्या होत्या. विस्तारनामावरून फाइल्स हलवणारी कोणतीही स्वयंचलित व्यवस्था लावण्याआधी हे आठवावे.

जोडरेषा

जारी केलेल्या संचाविषयी लिहितो. आयएसओ १९६५० या मालिकेच्या २०१८ मधील पहिल्या भागात माहितीच्या चार अवस्था मानल्या आहेत : काम चालू असलेली, सामायिक केलेली, प्रकाशित आणि संग्रहित. मानकाची सगळी परिभाषा स्वीकारण्याची गरज नाही, पण चार अवस्थांसाठी चार फोल्डर्स आणि त्यांवर वेगवेगळ्या परवानग्या एवढे केले तरी आपले बरेचसे काम होईल.

संच जारी करताना चालू फोल्डरमधून फाइल्स हाताने उचलू नयेत. ‘ई-ट्रान्समिट’ ही आज्ञा ड्रॉइंगसोबत एक्सरेफ, छायाचित्रे, प्लॉट स्टाईल आणि पर्याय निवडल्यास फॉन्ट गोळा करते आणि काय घेतले व काय सापडले नाही याचा अहवालही बनवते. तो अहवाल उघडून वाचावा. न सापडलेल्या फाइल्सच्या यादीत काही असेल तर संच अपुरा आहे. फोल्डरची रचना जशीच्या तशी ठेवण्याचा पर्याय निवडावा, कारण सर्व फाइल्स एकाच फोल्डरमध्ये ओतल्या तर वेगवेगळ्या उपफोल्डरांतील सारख्या नावांची टक्कर होते. विकत घेतलेले फॉन्ट बाहेर पाठवण्यापूर्वी त्यांचा परवाना पाहावा.

हा संच, त्यातून छापलेल्या पीडीएफ आणि अहवाल, असे तिन्ही रिव्हिजनच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकून ते फोल्डर केवळ वाचनीय करावे. रिव्हिजन फोल्डरच्या नावात असावे, चालू ड्रॉइंगच्या फाइल-नावात नसावे. फाइलचे नाव प्रत्येक रिव्हिजनला बदलले की तिच्याकडे पाहणारे सर्व एक्सरेफ तुटतात.

क्लाउडच्या जुन्या आवृत्त्यांवर मात्र संग्रहासाठी विसंबू नका. गूगल ड्राइव्ह, उदाहरणार्थ, ड्रॉइंगसारख्या फाइलच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या इतक्याच ठेवते, कायम ठेवण्याची खूण केली नसेल तर. शिवाय आवृत्ती एका फाइलची असते. गेल्या महिन्यातले प्लॅन परत आणले तरी त्याचा बेस, त्याचा सरफेस आणि त्याची प्लॉट स्टाईल त्याच दिवसाची परत येत नाही.

आलेखक

काल एका प्रकल्पावर हे करून पाहिले. ई-ट्रान्समिटच्या अहवालात न सापडलेल्या अकरा फाइल्स निघाल्या. त्यांपैकी सात फॉन्ट कोणत्याही शीटवर वापरात नव्हते, जुन्या टेम्प्लेटमधून टेक्स्ट स्टाईलच्या रूपाने आलेले होते, म्हणून टेम्प्लेटच स्वच्छ केले. तीन छायाचित्रे अजून जुन्या सर्व्हरच्या ड्राइव्हकडे पाहत होती; ती प्रकल्पाच्या मुळाखाली आणून पाथ सापेक्ष केले. अकरावी फाइल म्हणजे एका उपसल्लागाराने पाठवलेल्या ड्रॉइंगच्या आत जोडलेला एक्सरेफ होता आणि तो आमच्याकडे कधी आलेलाच नव्हता. त्यांच्याकडून पूर्ण संच मागवला आहे.